कायदा गेला तरी बा हजेरीला जायचा

दिवेलागणीला आमच्या घरात पुरुषमाणूस नसायचा. गावातले बाकीचे बापे त्या वेळी शेतातून येऊन, पायावर पाणी घेऊन ओट्यावर टेकलेले असायचे. आमचा बा त्याच वेळी हातातली तुराटी खाली ठेवून चावडीकडे निघायचा. सोबत माझा चुलता आणि वस्तीतल्या दुसऱ्या दोन घरांतले कर्ते. चावडीपुढे रांगेत उकिडवं बसायचं, मान खाली घालायची. पोलीस पाटलानं काठी आपटली की एकेकानं आपलं नाव, बापाचं नाव आणि जात मोठ्यानं सांगायची आणि शेवटी ‘हाजीर’ म्हणायचं. सकाळी उठून पुन्हा तेच. याला हजेरी म्हणत. रात्रीतून कुठं चोरी करायला गेलो नाही, याचा तो पुरावा.

आम्ही कैकाडी. टोपली, डाली, कणग्या विणणारे. निजामाच्या राज्यात आणि शेजारच्या इंग्रजी मुलखातही कायद्यानं काही जाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या होत्या. त्यांत आमची होती. जन्मलो तेव्हा मी काय चोरलं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी बी. ए. झालो, चार बुकं वाचली, तरी ते कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

घनसावंगीच्या बाजूला, गोदावरीपासून फार लांब नाही असं आमचं गाव. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिकडं ज्वारी अमाप पिकायची, आणि ज्वारी ठेवायला कणगी लागायची. कणगी म्हणजे माणसाच्या उंचीची, धान्य साठवायची टोपली. तुरीच्या काड्यांनी, म्हणजे तुराट्यांनी विणायची, वरून शेणानं सारवायची. मोठी कणगी दारातून आत जात नाही. म्हणून ती ज्याच्या त्याच्या घरात बसूनच विणावी लागते. दोन दिवस, चार दिवस, घर मोठं असेल तर त्याहून जास्त. आणि आम्हाला तर रोज सांजसकाळ आपल्याच चावडीवर हजर राहायचं. परगावी मुक्काम करायचा तर पाटलाचा दाखला घ्यायचा, आणि तिथं पोचून तिथल्या पाटलापुढं पुन्हा उकिडवं बसायचं. पाटील शेतात असला, लग्नाला गेला, नुसता चिडलेला असला, तरी दाखला मिळायचा नाही. सुगी तेवढ्यात निघून जायची. शेतकरी म्हणायचे, “तुझी वाट बघून राह्यलो तर माझी ज्वारी भुईवर सडंल.” ते दुसरीकडून कणग्या आणायचे, आणि आमच्या घरी तुराट्यांचे भारे तसेच पडून राहायचे. हाताला काम येत असून उपास काढणं काय असतं, ते आम्ही बघितलंय.

माझी आत्या नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. ती वारल्याचा सांगावा सकाळी आला. पाटील त्या दिवशी सोयऱ्याकडं गेला होता. बा दुपारपर्यंत चावडीच्या पायरीशी बसून राहिला. कोतवाल म्हणाला, “जा की तसाच. मी न्हाई सांगत कुनाला.” पण बिनदाखल्याचा वाटेत सापडला तर कैद होती. बा परत आला. त्याच्या बहिणीला त्याच्याशिवाय माती दिली गेली. तो त्या संध्याकाळी हजेरीला गेला.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. गावात झेंडा लागला, पेढे वाटले. आमच्या वस्तीपर्यंतही एक पेढा आला, चौघांत वाटून खाल्ला. त्या संध्याकाळी बानं धीर करून पाटलाला विचारलं, “पाटील, राज बदललं म्हणतेत. आमच्या हजेरीचं काय?”

पाटील सुपारी कातरत होता. म्हणाला, “राज बदललं रे. तुझी जात बदलली का?”

चावडीवर बसलेले सगळे खो खो हसले. बानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, जात सांगितली. हाजीर.

मी तेव्हा शाळेत होतो. माझ्या माईनं मला शाळेत घातलं ते हट्टानं. गावातल्या मास्तरांनी दारात बसवलं, तर दारात बसून शिकलो. चौथीनंतर जालन्याला वसतिगृहात जागा मिळाली. पण डोक्यावर एक टांगती गोष्ट होती. पोरगा वयात आला की त्याचंही नाव हजेरीत चढायचं, आणि वय कुणालाच ठाऊक नसल्यामुळं पाटील पोराच्या वरच्या ओठाकडं बघून ठरवायचा. मिसरूड फुटलं की हजेरी. हजेरी लागली की जालना संपलं. म्हणून सुटीत घरी येताना मी ओढ्यावर थांबून वस्तरा फिरवायचो. वस्तरा माईनं दिला होता. माझं मिसरूड सरकारच्या आधी तिला दिसलं होतं.

बावन्न साल उजाडलं. एके दिवशी वसतिगृहातल्या गुरुजींनी मला बोलावून वर्तमानपत्र हातात दिलं. बातमी छोटीशी होती. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला होता. मी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. दुसऱ्या दिवशी अंबडपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी घर गाठलं. बा अंगणात टोपलीचं बूड धरून बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

बा म्हणाला, “कागदात आलं म्हंजे चावडीत आलं व्हय?”

चावडीत यायला आणखी काही आठवडे लागले. पण आलं. पाटलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, “उद्यापासून येऊ नका. वरून हुकूम आलाय.” त्याला कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं, असं चुलता सांगायचा. चुलत्यानं दुसऱ्याच दिवशी काय केलं, तर वडीगोद्रीला गेला, एक कप चहा प्याला आणि परत आला. काम काही नव्हतं. “बिनदाखल्याचा च्या कसा लागतो ते बघून आलो,” म्हणाला. वस्ती किती हसली!

आणि आमचा बा? त्याच संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, त्यानं तुराटी खाली ठेवली आणि चावडीकडं निघाला.

माईला वाटलं, सवयीनं निघाला असेल. ती ओरडली, “आवं, कुठं चाल्लात? बंद झालं ना ते!”

“माहीत हाय मला,” बा म्हणाला आणि गेला.

चावडीवर पाटील नव्हता. कोतवाल झाडत होता. बा त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि नाव, बापाचं नाव, जात, हाजीर असं सगळं बोलून परत आला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. कोतवाल कावला. “आरं, कशाला येतो रोज? मला काय लिहायला येतं का?”

बा म्हणाला, “लिहू नका. तुमी ऐका फक्त.”

मी दिवाळीच्या सुटीत आलो तेव्हा हे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आम्ही कायद्यानं मोकळे झालो, आणि माझा बाप आपल्या पायांनी जाऊन पुन्हा गुन्हेगार होऊन येतो! मी म्हणालो, “बा, लाज वाटते मला.”

“वाटू दे.”

“पण का जातो तू?”

तेव्हा त्यानं जे सांगितलं, त्याला मला पुढं कॉलेजातही उत्तर सापडलं नाही. तो म्हणाला, “हे बघ. आजूबाजूच्या गावात कुठं बी घर फुटलं, तर पोलीस पहिला कुठं येईल? हितंच येईल. कायदा असू दे का नसू दे. आजपातुर मी म्हणू शकत होतो, काल रात्री मी हितं होतो, पाटलाला इचारा. आता कुनाला इचारा म्हणू? हजेरी न्हाई दिली, तर मी घरीच होतो हे सांगणार कोण?”

माय चुलीपुढून उठली. आमच्या घरची बोली वेगळी आहे. पोलीस तिला चोरांची खुणेची भाषा म्हणत. त्या बोलीत ती जे बोलली ते सगळं मराठीत येत नाही, पण सारांश असा, “तुमाला साखळीची इतकी सवय झाली, का साखळी गेली तर पाय थंड पडायला लागले? रोज जाऊन आपल्या तोंडानं जात सांगता. एक दिस तो कोतवाल पण म्हणल, ज्याला रोज सांगावं लागतं का मी चोरी केली न्हाई, तो चोरच असंल.”

“म्हणू दे.”

“मंग मी बी येते उद्या. मी बी बसते उकिडवी. पोराला बी घेऊ. सगळं घरच नेऊ.”

बा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेलाच.

असं वर्षभराहून जास्त चाललं. माघात तुरी निघाल्या आणि नदीकडच्या एका गावाहून मोठं काम आलं. शेतकऱ्याचं घर भरलेलं, कणग्या हव्यात, आठवडाभर तरी राहायला लागणार. बा म्हणाला, “जवळचं असलं तर बघू. रोज परत आलं पाहिजे.” सकाळी माईनं गाढवावर भारे लादले, माझ्या धाकट्या बहिणीला कडेवर घेतलं आणि गाढव हाकलत वाटेला लागली. वस्ती बघत होती. बा थोडा वेळ अंगणात उभा राहिला. मग कोयता घेऊन तिच्यामागं निघाला. मला हे चुलत्यानं सांगितलं. तो म्हणायचा, “तुझी माय पुढं, गाढव मदी, आन् मागून सरकारचा गुन्हेगार.”

ते तिकडं कणग्या विणत असताना आमच्या गावात एक घर फुटलं. भिंतीला भोक पाडून कोणी तरी तांब्यापितळेची भांडी नेली. सकाळी ठाण्याचा फौजदार आला. पाटलाला विचारलं, “कैकाडी सगळे होते का?” पाटील म्हणाला, “बाकीचे व्हते. एक जण रोज येत होता न बोलावता, तो चार दिसांपासून आला न्हाई.”

झालं. एवढंच. बाला कणगीच्या आतून, विणता विणता उठवून नेलं. ठाण्यात मारलं. किती मारलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर सरळ झाली नाहीत. मला तार आली नाही, चुलताच जालन्याला आला. मी आणि माय ठाण्याच्या कोठडीपाशी गेलो. बा माईकडं बघून म्हणाला, “बघितलंस?”

माय म्हणाली, “बघितलं. तुमी चोरी केली का?”

“न्हाई.”

“मंग मान वर करा.”

बाचं सगळं लक्ष त्या शेतकऱ्यावर होतं. त्यानं येऊन ‘हा त्या रात्री माझ्या पडवीत झोपला होता’ एवढं सांगितलं की आपण सुटलो, असं त्याला वाटायचं. मी आणि माय त्याच्याकडं गेलो. अर्धी विणलेली कणगी घरात तशीच उभी होती. माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, “काम चोख हाय त्याचं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला ठाण्याची पायरी चढायला लावू नका. आज तुमच्याकडून बोललो तर उद्या फौजदार मलाच इचारंल, का रे, तुझ्या घरी कैकाडी का ठेवतो?”

जामीन राहायला कोणी नव्हतं. बा तालुक्याच्या तुरुंगात गेला. आमच्या गुरुजींनी जालन्यातल्या एका मारवाडी वकिलांकडं मला आणि माईला नेलं. दुकानदारी घराण्यातले, बोलायला तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी शेतकऱ्याला कसं तयार करता येईल ते विचारत होतो.

“त्याला आणू नका. बिलकुल नको,” वकील म्हणाले. “भ्यालेला माणूस आहे. उभा राहिला आणि उलटला तर आपणच बुडालो.”

माय म्हणाली, “मंग हे तिथं होते हे कोण सांगणार?”

“कुणी नाही सांगायचं. चोरी ह्यानं केली, हे पोलिसांनी दाखवायचं. नाही दाखवता आलं, खतम. ह्यानं काही दाखवायचं नाही.”

माईला ते पटायला वेळ लागला. तिनं पुन्हा विचारलं, “आसा कायदा हाये?”

“पहिल्यापासून आहे, बाई.”

“मंग आमच्यापातुर का न्हाई आला?”

वकिलांनी कागद पुढं ओढून बाचं नाव लिहून घेतलं. मला नंतर कॉलेजात एक जण म्हणाला होता, सरकारनं तुमचा कायदा रद्द केला, तुम्ही आभार मानायला पाहिजेत. मी त्याला म्हणालो, बाकीच्यांना जो कायदा आधीपासून होता तो आम्हाला उशिरा मिळाला, याचे आभार कसले? तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. मलाही गरज पडली नाही.

तुरुंगात भेटून मी बाला वकिलांचं म्हणणं सांगितलं. तो घाबरला. “साक्षीला कुनीच न्हाई? मंग मी मेलो.” जन्मभर रोज दोनदा, आपण कुठं होतो हे सांगत आलेला माणूस तो. काही न सांगता सुटता येतं, हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं?

पेशीच्या दिवशी माय, मी आणि चुलता कोर्टात भिंतीला लागून उभे होतो. चपराश्यानं बाचं नाव पुकारलं. दोन जवान त्याला आत घेऊन आले. आणि बा, मुन्सफांपुढं, म्हणजे न्यायाधीशांपुढं पोचल्याबरोबर, उकिडवा बसला. मान खाली घातली. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, जात सांगितली, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हाजीर!”

कोर्ट हसलं. कारकून हसला, जवान हसले, फौजदार तर तोंडावर रुमाल धरून हसला. माझ्या कानशिलात आग लागली. माईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

मुन्सफ हसले नाहीत. म्हणाले, “ह्याला उभं करा. इथं असं बसायचं नाही.”

बाला उभं केलं. त्याला कळेना आपलं काय चुकलं.

मग फौजदाराची साक्ष झाली. आमच्या वकिलांनी उठून विचारलं, “माल सापडला?”

“न्हाई.”

“ह्याला तिथं कोणी पाहिलं?”

“न्हाई.”

“मग धरलं कशावरून?”

“हजेरीला नव्हता.”

“कुठली हजेरी?”

“नेहमीची. पहिल्यापासूनची.”

वकिलांनी मुन्सफांकडं बघितलं. मुन्सफांनी लिहिणं थांबवून फौजदाराला विचारलं, “ही हजेरी तुम्ही आज कोणत्या कायद्याखाली घेता?”

फौजदार पाटलाकडं बघायला लागला. पाटील दाराशी उभा होता, तो बाहेर बघायला लागला. आता कोणी हसत नव्हतं.

“साहेब, तो आपणहून येत होता,” फौजदार शेवटी म्हणाला.

मुन्सफांनी बाला विचारलं, “तुला काही सांगायचं आहे?” वकिलांनी त्याला बजावलं होतं, नाही म्हण आणि गप्प राहा. बा ‘न्हाई’ म्हणाला. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि आपणहून बोलला. एवढी वाक्यं मी त्याला सरकारी माणसापुढं कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

“साहेब, मी आपणहून गेल्तो, बराबर हाय. कायदा गेला तरी गेल्तो. मला वाटलं, रोज सांगितलं तर माझ्यावर इस्वास बसंल. येवढे दिस सांगितलं. मंग पोटापायी चार दिस कामाला गेलो, तर हे म्हणले चोर. म्हंजे आतापातुर सांगितलं ते कुनी ऐकलंच न्हाई. हजेरी दिली तरी मी चोर, न्हाई दिली तरी मी चोर. मंग देऊ कशाला? आता न्हाई देणार. मी त्या रात्री कुठं होतो ते बी न्हाई सांगत. चोरी कुनी केली, ते ह्यांना हुडकू द्या.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या मिश्या हलत होत्या.

निकाल पुढच्या पेशीला लागला. मुन्सफांनी वाचला तो मोजकाच होता. पुरावा नाही, अमुक जातीत जन्मला हा पुरावा नव्हे, रद्द झालेल्या कायद्याची हजेरी चुकवणं हा गुन्हा नव्हे, सोडून द्या. कोणाची माफी नाही, बोटांबद्दल काही नाही. भांडी कुणी नेली ते आजपर्यंत उघडकीस आलेलं नाही, आणि मला त्याची फिकीरही नाही.

बाहेर लिंबाखाली फौजदार गाठ पडला. राग नाकावर होता. म्हणाला, “सुटलास, ठीक. पण उद्या संध्याकाळपासून चावडीला दिसला पाहिजेस. नाही तर बघ.”

मी काही बोलणार, तेवढ्यात माय पुढं झाली. “साहेब, तुमीच येत जा ना वस्तीवर. आमी हाव का न्हाई ते बघायला. च्या ठेवते मी. बिनदुधाचा चालंल ना?”

चुलता एवढ्या जोरात हसला की कोर्टातला चपराशी बाहेर आला.

फौजदार बाच्याकडं वळला. “तू येणार का नाही?”

“न्हाई येत,” बा म्हणाला. हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. फौजदाराला वाटेवरून बाजूला व्हावं लागलं नसतं, रस्ता रुंद होता, पण तो झाला.

तिथून आम्ही घरी गेलो नाही. बा म्हणाला, कणगी अर्धी ठेवलीय. थेट नदीकडच्या त्या गावी गेलो. शेतकरी ओशाळा झाला होता, सारखा पाणी विचारत होता. बा त्याला एक शब्द लावून बोलला नाही. वाकड्या बोटांनी त्यानं उरलेली कणगी विणली, मी तुराट्या तासून दिल्या, माईनं शेण कालवलं. मधल्या काळात पाटलानं कोतवालाला तीन-चारदा आमच्या वस्तीवर धाडलं. वस्तीतून कोणी हजेरीला गेलं नाही.

पुढं सराईत गुन्हेगारांसाठी म्हणून वेगळे कायदे आले. पोलीस अजूनही आमच्या वस्तीवर आधी येतात, मग दुसरीकडं जातात. हे मी लपवत नाही. आले की आम्ही विचारतो, पुरावा काय? हा प्रश्न आता आमच्या बायकापोरांनाही येतो.

बा निर्दोष सुटला. त्यानंतर त्यानं आणि आमच्या चार घरांतल्या कुणीही पुन्हा हजेरी दिली नाही. राजूरपासून वडीगोद्रीपर्यंत बिनदाखल्याचं फिरून त्यानं कणग्या विणल्या, मला कॉलेजात शिकवलं, आणि मी बी. ए. झालो.